हाताचं घड्याळ १२.६, मशीनचं १२.९७: ऊसतोडीच्या घरातल्या एका स्प्रिंटरचं प्रकरण

हे लिहितोय ते पोरीला आणि तिच्या घरच्यांना विचारून. नाव, गाव, शाळा देत नाही, स्पर्धा कुठं झाल्या तेही देत नाही, कारण आमच्याकडं दोन गोष्टी जुळल्या की लोक लगेच म्हणतात अरे ही तर अमक्याची लेक. मी क्रीडा शिक्षक आहे, बीड जिल्ह्याच्या पश्चिमेला, आष्टी-पाटोद्याच्या पट्ट्यात. चार वर्षं ही पोरगी माझ्या हाताखाली पळाली आणि या चार वर्षांत जे निर्णय झाले त्यातले निम्मे माझे होते. काही बरोबर आले, काही नाही आले. इतर शिक्षकांना आणि पोरींच्या आईबापांना उपयोग व्हावा म्हणून सगळं सांगतो.

पार्श्वभूमी

आमच्या भागात पळणं म्हणलं की पहिलं नाव अविनाश साबळेचं निघतं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, आईबाप वीटभट्टीवर, बारावीनंतर फौजेत गेला, आणि पुढं २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८:११.२० काढून सिल्व्हर आणलं, २०२४ ला पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१. हे आकडे आमच्या पोरांना तोंडपाठ आहेत. चांगलंच आहे, पण त्यामुळं एक गोष्ट झाली, पळणारं लेकरू दिसलं की सगळे त्याला लांब पळवायला लागतात. सकाळी पाचला डांबरी रोडवर दहा किलोमीटर. आता जे लेकरू शंभर मीटरचं आहे त्याचं दहा किलोमीटरनं काय होतं हे कोणी बघत नाही.

ही पोरगी २०२२-२३ ला नववीत होती. कोरोनात शाळा बंद होत्या तेव्हा दोन सीझन ती ऊसतोडीला गेलेल्या आईबापाबरोबर उसाच्या फडावरच होती, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याकडं. जूनमध्ये शाळा भरली, मी सवयीनं सगळ्या वर्गाला ग्राउंडवर पळवलं. आमचं ग्राउंड मुरमाचं, दगड वेचून काढले तरी पावसात परत वर येतात, सरळ शंभर मीटर पण बसत नाही, कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकं माप घ्यावं लागतं. फक्कीच्या चार रेघा मारल्या होत्या. ही अनवाणी, शाळेच्या ड्रेसवर, एका हातानं ओढणी धरून पळाली आणि बाकीच्या पोरी सत्तर मीटरवर होत्या तेव्हा ही पलीकडच्या बाभळीपाशी पोचली होती. मी घड्याळ बघितलं तर १३.४. मला वाटलं बटन दाबायला चुकलं. दहा मिनिटांनी ओढणी काढून ठेवायला लावली, परत पळवलं, १३.१.

पाय जमिनीला लागला न लागला की उचलला जात होता, टाच खाली येतच नव्हती. हे शिकवून येतं पण लई वर्षं लागतात, हिला ते आपोआप होतं.

अडचण

अडचण एक नव्हती, चार होत्या आणि त्या एकात एक अडकलेल्या होत्या.

पहिली म्हणजे सीझन. शालेय स्पर्धा तालुक्यापासून सुरू होतात पावसाळ्यात, मग जिल्हा, विभाग, आणि राज्य येतं साधारण दिवाळीच्या पुढं. आणि आमच्याकडून गाड्या निघतात दसरा-दिवाळीला. म्हणजे पोरगी जिथं सगळ्यात फिट असायला पाहिजे नेमकं तिथंच तिला ट्रॅक्टरमध्ये बसायचं असतं. पहिल्या वर्षी तेच झालं. तालुक्यात पहिली, जिल्ह्यात दुसरी, आणि नोव्हेंबरात गेली. वडिलांना फोन केला तर म्हणाले, "सर, उचल घिऊन बसलोय. पोरगी इथं ठिवली तर बारक्याला कोण सांभाळील? आन पहाटं भाकरी कोण थापील?" उचल म्हणजे तोडीसाठी मुकादमाकडून आधीच घेतलेले पैसे. मला उत्तर देता आलं नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, हिशोब कोयत्याचा होतो, आणि पोरीचं काम कुठल्याच हिशोबात नसतं पण तिच्याशिवाय कोयता चालत नाही. मार्चअखेर परत आली तेव्हा गालफडं बसलेली, शंभर मीटरला १३.८.

दुसरी, जन्मतारीख. शाळेच्या दाखल्यावर १ जून २००८. आमच्या भागात १ जूनवाले किती आहेत ते कोणत्याही शाळेचं जनरल रजिस्टर उघडून बघा. आजीला विचारलं तर म्हणाली, "दिवाळी झाल्यावर फडावर झाली, लई थंडी व्हती, कोपीत." कोणत्या सालची दिवाळी ते नक्की नाही. नोंद कुठंच नाही.

तिसरी, रक्त. ही आम्हाला फार उशिरा कळली, पुढं सांगतो.

चौथी मी स्वतः. मी कबड्डीचा माणूस. स्प्रिंट मला पुस्तकातून आणि मोबाईलवरच्या व्हिडिओतून जेवढं कळलं तेवढंच येत होतं, स्टार्टला पाय टेकवायचा ब्लॉक मी तोपर्यंत हातात धरलेला नव्हता.

पर्याय कोणते होते

२०२३ च्या उन्हाळ्यात मी, मुख्याध्यापक, तिचे आईवडील आणि आजी असे शाळेच्या व्हरांड्यात बसलो. पोरगी पण होती, पण खरं सांगायचं तर तिला त्या दिवशी कोणी काही विचारलं नाही, मीही नाही.

एक रस्ता होता की तिनं दरवर्षीसारखं फडावर जायचं आणि जेवढं जमतं तेवढं पळायचं. दुसरा, तोडीला गेलेल्यांच्या लेकरांसाठी असलेल्या हंगामी वसतिगृहात नाव घालून आजीजवळ ठेवायची, जेवण योजनेतून. तिसरा, बाहेरच्या एका क्रीडा वसतिगृहाची चाचणी होती, तिथं निवड झाली तर राहणं, खाणं, कोच, सिंथेटिक ट्रॅक सगळंच. मला अर्थातच तिसरा पाहिजे होता. पण तिथं जन्माचा दाखला मागितला, शाळेचा चालत नव्हता. वर्ष उलटून गेलेली नोंद करायची तर जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्याप्रमाणं दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, आणि जन्म झाला परजिल्ह्यातल्या उसाच्या फडात. अर्ज केला, कागद फिरत राहिले, चाचणीची तारीख निघून गेली.

इथं एकानं मला वेगळाच मार्ग सुचवला, की दाखला "करून" घेऊ, त्यात वय पण दीड वर्षानं कमी बसवू म्हणजे १७ खालच्या गटात अजून जास्त वेळ मिळेल. मी नाही म्हणलो. पकडलो जाऊ ही भीती होतीच, मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय बघणारी टेस्ट असते हे मला माहीत होतं. पण त्याहून मोठी गोष्ट ही की खोट्या गटात पळून जिंकलेली शर्यत पोरीला स्वतःला माहीत असते. या निर्णयाबद्दल मला आजपण काही शंका नाही. दाखला मी आधी, ती नववीत आली त्याच महिन्यात करायला घ्यायला पाहिजे होता, ही शंका मात्र रोज येते.

मग दुसरा पर्याय ठरला. वडील तयार झाले ते एका अटीवर, बारक्याला पण वसतिगृहात घ्या. घेतलं. आईनं उठताना मला बाजूला विचारलं, "सर, पायाला काही झालं तर पुढं लग्नाला अडचण न्हाई ना व्हणार?" मी म्हणलं काही होत नाही माय. हे वाक्य मला पुढं फार लागलं.

काय केलं

२०२३-२४, दहावी. पहिल्यांदा सलग सीझन मिळाला. रोडवरचं पळणं मी पूर्ण बंद केलं, त्यावर गावात बरीच चर्चा झाली, सर पोरीला पळवतच नाहीत म्हणे. आठवड्यात तीनच दिवस जोरात, त्यातपण तीस-तीस मीटरचे सहा-आठ तुकडे आणि मध्ये चार-पाच मिनिटं निवांत बसणं, बाकी दिवस उड्या, चढावर पळणं, पोटाचे व्यायाम. पूर्ण वेगानं पळाल्यावर स्नायूला आणि नसांना सावरायला दोन दिवस तर लागतातच. ब्लॉक नव्हता म्हणून वेल्डिंगवाल्याकडून अँगलचा एक बनवून घेतला, मुरमात खिळे ठोकून बसवायचा, दोन स्टार्टनंतर निघून यायचा.

विभागात पहिली आली, हाताच्या घड्याळावर १२.६. मी आनंदात. राज्याला गेलो, आयुष्यात पहिल्यांदा सिंथेटिक ट्रॅक, पहिल्यांदा खरा ब्लॉक, पहिल्यांदा इलेक्ट्रॉनिक टायमिंग. बोर्डावर आलं १२.९७. हीटमध्येच, म्हणजे पहिल्याच फेरीत, बाहेर. पोरगी टॉयलेटमागं जाऊन रडत बसली, तिला वाटलं मी हळू झाले.

ती हळू झालीच नव्हती. हातानं घड्याळ चालवणारा माणूस पिस्तुलाचा धूर बघून बटन दाबतो, तेवढ्यात वेळ निघून गेलेली असते, म्हणून हाताच्या टायमिंगमध्ये १०० मीटरला ०.२४ सेकंद मिळवून मगच मशीनशी तुलना करायची असते. म्हणजे तिचे १२.६ हे खरे १२.८४. उरलेला फरक नवीन ब्लॉकचा आणि भीतीचा. हे तिला मी आधी सांगितलं नव्हतं कारण मला स्वतःला नीट माहीत नव्हतं, तिथल्याच एका जुन्या पंचांनी समजावलं. रात्री जेवताना तिला पी. टी. उषाची १९८४ ची गोष्ट सांगितली, लॉस एंजेलिसला ४०० मीटर हर्डल्समध्ये सेकंदाच्या शंभराव्या भागानं ब्राँझ गेलं. ती म्हणाली, "मंग आपलं घड्याळ खोटं बोलतंय तर सर." त्या दिवसापासून वहीत दोन रकाने, हाताचं आणि ०.२४ मिळवून धरायचं.

रक्ताचं प्रकरण त्यानंतरच्या उन्हाळ्यातलं. सरावात तिसऱ्या-चौथ्या तुकड्यानंतर धाप लागायची, तोंड पांढरं पडायचं, मी समजायचो उन्हानं. एक दिवस बसल्या जागी चक्कर आली तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, हिमोग्लोबिन ९.१. बाईमाणसाला १२ च्या खाली म्हणजे कमीच. डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोरच विचारलं, पाळी नियमित येते का. पाच महिने आली नव्हती. दोन वर्षं मी तिचे तीस मीटरचे आकडे लिहीत होतो आणि ही गोष्ट मला विचारावी असं सुचलं नाही, सुचलं असतं तरी मी पुरुष माणूस, तिनं सांगितली नसती. शाळेत आठवड्याला निळी गोळी मिळते लोहाची, ती पोरी कंपाउंडच्या बाहेर टाकतात कारण मळमळतं आणि शी काळी होते म्हणून घाबरतात. हिनं पण टाकल्या होत्या.

डॉक्टरीणबाईंनी रोजची गोळी सुरू केली आणि जेवणावरचा चहा बंद करायला लावला, चहानं लोह अंगी लागत नाही, लिंबू पिळून खा म्हणाल्या. आणि सांगितलं की एवढं पळणारीला हे जेवण पुरत नाही, शरीर मग पाळीसारख्या गोष्टी बंद करून भागवतं. घरी माळ आहे, अंडी चालत नाहीत. मग शाळेतल्या बाईंनी, म्हणजे माझ्या सहकारी शिक्षिकेनं सगळं हातात घेतलं, भिजवलेले हरभरे, मटकी, शेंगदाणा-गूळ, रात्री दूध, बाजरीची भाकरी होतीच. पाळीची तारीख त्या लिहून ठेवायला लागल्या. तीन-चार महिन्यांत हिमोग्लोबिन १२ च्या वर गेलं. आणि ट्रॅकवर जे झालं ते बघून मी थक्क झालो, सराव तोच होता, फक्त चौथा तुकडा पहिल्यासारखा पळायला लागली.

२०२४-२५, अकरावी, पण दाखल्याप्रमाणं १७ खालच्या गटाचं शेवटचं वर्ष. राज्यात हीटला १२.४१. मशीनवर. फायनलला १२.४६, तिसरी. राष्ट्रीयला आमच्या गटातून पहिल्या दोघींची नावं गेली.

आता तो निर्णय, ज्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं. दुसऱ्या दिवशी २०० मीटर होती. सकाळी वॉर्मअपला तिनं डाव्या मांडीला मागून हात लावला, म्हणाली ओढल्यासारखं वाटतंय. दुखतंय का विचारलं तर नाही म्हणाली, नुसतं ताठ आहे. राष्ट्रीयला जायची आता ही एकच संधी उरलेली, वयाचा गट संपत होता, वडिलांनी मुकादमाकडून दोन दिवसांची सुट्टी घेऊन पहिल्यांदा स्पर्धा बघायला यायचं ठरवलं होतं आणि ते आले पण होते, स्टँडमध्ये टोपी मांडीवर घेऊन बसलेले. मी तिला विचारलं, पळतीस का? ती हो म्हणाली.

सोळा वर्षांची पोरगी, बाप समोर बसलेला, ती दुसरं काय म्हणणार होती. तो प्रश्न विचारणं म्हणजेच मी निर्णय तिच्यावर ढकलला.

वळण संपून सरळ येताना तिनं मांडी धरली आणि दोन पावलं लंगडत जाऊन खाली बसली. वडील दोन कठडे ओलांडून आत आले, पंच अडवत होते तरी. उचलून बाहेर नेलं.

त्यानंतर

हॅमस्ट्रिंगचा, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू अर्धवट फाटला होता. पाय पुढं फेकून जमिनीवर आणायच्या आधी हा स्नायू ताणलेल्या अवस्थेत ब्रेक लावतो, वेग जितका जास्त तितका ताण जास्त, म्हणून ही स्प्रिंटरची दुखापत.

घरी दोन गोष्टी एकदम आल्या. एक स्थळ आलं, मुलगा ड्रायव्हर, घरचं बरं. आणि चुलत्यानं भरतीच्या अकॅडमीचं काढलं, पोलीस भरतीत मैदानी ५० मार्कांची, त्यात मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, हिचं शंभर मीटर तर फुकट आहे, फक्त ८०० ची तयारी करू. साबळे पण आधी फौजेतच गेला ना, असं त्यांचं म्हणणं. ते म्हणणं चुकीचं नव्हतं. ज्या घरात दरवर्षी उचलीवर वर्ष निघतं तिथं पगाराची नोकरी म्हणजे काय हे मला सांगायची गरज नाही.

स्थळाला वडिलांनीच नाही म्हणून सांगितलं. म्हणाले, अठरा झाल्याबगर न्हाई आन बारावी झाल्याबगर तर न्हाईच. ग्राउंडवर पोरीला उचलून आणल्यापासून त्यांच्यात काहीतरी बदललं होतं.

अकॅडमीच्या बाबतीत मी या वेळी पोरीशी एकटीशी बोललो, बाईंना बरोबर घेऊन. तिनं सरळ सांगितलं, भरती पाहिजे. पण आत्ताच रोडवर पळाले तर पाय परत जाईल असं वाटतं, आणि शंभर मीटर सोडायचं नाही. तिचं सगळं आधीच ठरलेलं होतं. मग आम्ही ठरवलं, चार महिने फक्त पाय. दर पंधरा दिवसांनी एसटीनं नगरला फिजिओथेरपिस्टकडं, येताना-जाताना पाच-सहा तास मोडायचे, पैसे शिक्षकांनी वर्गणी करून घातले. दुखणं थांबलं म्हणजे बरं झालं असं नसतं हे फिजिओनी सांगितलं, दोन्ही पायांची ताकद सारखी होईपर्यंत पूर्ण वेग नाही. दुखणं सहा आठवड्यांत थांबलं होतं, मी एकटा असतो तर सातव्या आठवड्यात पळवलं असतं.

निकाल

२०२५-२६, बारावी, १९ खालचा गट. राज्यात चौथी, १२.४९. राष्ट्रीय हुकलं. चौथ्या नंबरच्या प्रमाणपत्रावर खेळाडू कोट्यातून पण काही हाती लागलं नाही. भारताची स्प्रिंटर द्युती चंदनं २०२१ ला पतियाळाला ११.१७ काढले, तिथून आमची पोरगी सव्वा सेकंद लांब आहे, शंभर मीटरमध्ये सव्वा सेकंद म्हणजे दहा-अकरा मीटर. ती तिथं पोचली असती का? चौदाव्या वर्षी नीट खाणं, ट्रॅक आणि जाणकार कोच मिळता तर तिचे १२.४१ हे सोळाव्या वर्षी नाही, पंधराव्या वर्षी आले असते एवढं मी खात्रीनं सांगतो, त्यापुढचं नाही. जन्माचा दाखला अकरावीच्या शेवटी हातात आला.

पण तो पहिला सीझन होता ज्यात ती जूनपासून शेवटपर्यंत एकही आठवडा न चुकता पळाली. २०० मीटर तिनं स्वतःच नाव दिलं नाही.

परत करायचं तर

दाखला पहिल्याच महिन्यात काढायला घेईन. रक्त तपासणी वर्षातून दोनदा, पहिल्या स्पर्धेच्या आधी, आणि पोरींच्या सरावाला एक बाई शिक्षिका पाहिजेच, हे मी आता अटच घालतो. घड्याळाचा फरक पहिल्या दिवशी सांगेन. कबड्डीच्या माणसानं स्प्रिंटर हाताशी लागल्यावर फोन करून जाणकार शोधायला पाहिजे, मला ते करायला दोन वर्षं लागली कारण पोरगी आपल्या हातातून जाईल असं कुठंतरी वाटत होतं.

आणि त्या सकाळचं. मांडीला हात लावलेल्या लेकराला पळतीस का असं विचारायचं नसतं. आज तू पळत नाहीस असं मी सांगायचं असतं, आणि मग बापाला जाऊन पण मीच सांगायचं असतं. वडिलांशी यावर नंतर बोललो, ते म्हणाले, "सर, तुमी नगं म्हणला असता तर मी काय म्हणणार व्हतो? मी तर तिला बघाया आल्तो."

फडावर पाठवलेल्या पहिल्या वर्षाचं मात्र अजून मला उत्तर सापडलेलं नाही. त्या वेळी माझ्याकडं वेगळं काही करण्यासारखं होतं असं वाटत नाही, बारक्याला वसतिगृहात घ्यायचं तेव्हाच सुचलं असतं तर कदाचित.

सध्या ती भरतीची तयारी करते, ८०० मीटर पण पळते, पण आठवड्यातून दोन दिवस तिनं शंभरसाठी राखून ठेवलेत. फिजिओनी दिलेला एक व्यायाम आहे, गुडघ्यावर उभं राहायचं, मागून कोणीतरी घोटे दाबून धरायचे, आणि अंग ताठ ठेवून हळूहळू पुढं झुकत जायचं. मागच्या महिन्यात घरी गेलो होतो तर अंगणात गोधडी अंथरून ती तो करत होती आणि आजी तिच्या घोट्यांवर बसली होती, पदर खोचून, दोन्ही हात जमिनीला टेकून. मला म्हणाली, "बसा सर, आजून चार ऱ्हायलेत."